गवताच्या बियाण्याला तिसरा प्रश्न विचारणारा शास्त्रज्ञ

बियाण्याची पिशवी घरी आणली की शेतकरी दोन गोष्टी तपासतो. बी शुद्ध आहे का आणि ते किती टक्के उगवते. गहू, बाजरी किंवा हरभरा पेरायचा असेल तर एवढ्यावर बरेचसे भागते, कारण या पिकांत आपल्याला दाणाच हवा असतो. पण जनावरांच्या कुरणासाठी गवत पेरायचे असेल तर? गाय गवताचे दाणे खाण्यासाठी कुरणात जात नाही, तिला पाला हवा असतो. आणि ज्या गवताला भरपूर बी येते, त्याला पाला भरपूर असेलच असे नाही. बहुतेक वेळा उलटच असते.

आज ही गोष्ट साधी वाटते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पशुपालनावर जगणाऱ्या ब्रिटनमध्येही ती फारशी कोणी मनावर घेतलेली नव्हती. तिच्यामागे आयुष्य लावून कुरणांचे शास्त्र उभे करणाऱ्यांमध्ये एक नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे सर रेजिनाल्ड जॉर्ज स्टेपलडन. आपल्यापर्यंत पोहोचणारे दूध, लोणी, मांस आणि लोकर यांचा प्रवास गवताच्या पात्यापासून सुरू होतो. म्हणून या माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

स्टेपलडन यांचा जन्म १८८२ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यातील नॉर्थम या गावी झाला. घराणे जहाजवाहतुकीच्या व्यवसायातले होते. केंब्रिज विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकल्यावर ते काही काळ सुएझ कालव्याच्या भागात घरच्या व्यवसायासाठी गेले. तिथे त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा केंब्रिजला आले, शेतीशास्त्राकडे वळले आणि १९१० मध्ये सायरनसेस्टर येथील शेतकी महाविद्यालयात शिकवू लागले.

दुसऱ्याच वर्षी, १९११ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये कडक अवर्षण पडले. एरवी हिरवेगार असणारे कॉट्सवोल्ड टेकड्यांवरचे माळ करपून गेले. जो तो पावसाची वाट पाहत होता, तेव्हा स्टेपलडन करपलेल्या कुरणांत फिरून नोंदी करत होते. कुठली वनस्पती मेली, कुठली तगली, कुठली नुसती निपचित पडून पुन्हा फुटली, हे ते पाहत होते. सगळी कुरणे सारखी करपली नव्हती. एकाच कुरणातही काही जाती हिरव्या राहिल्या होत्या. दुरून एकसारखी दिसणारी हिरवळ म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाच्या झाडांची वस्ती असते, हे त्या उन्हाळ्याने त्यांना दाखवले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी ही वस्ती समजून घेण्यात घालवले.

१९१२ मध्ये ते वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथ या गावी गेले. वेल्स हा डोंगराळ आणि पावसाळी प्रदेश आहे. तिथली जमीन आम्लधर्मी, धान्य जेमतेम पिकणारी. माणसे जगत होती ती मेंढ्या आणि गाईंवर. स्टेपलडन यांनी मध्य वेल्सच्या डोंगरांतील गवतांची पाहणी सुरू केली. मैलोन्‌मैल पसरलेल्या माळांवर मेंढ्यांनाही नकोसे वाटणारे राठ गवत माजलेले होते. पाऊस भरपूर, जमीन अफाट, तरी जनावर अर्धपोटी. दोष हवामानाचा नव्हता. जमिनीत चुना आणि स्फुरद कमी होते, आणि वर वाढणारे गवत चुकीचे होते.

एवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी धान्याची जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा देशाला आपल्या जमिनीची आठवण झाली. १९१७ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी सरकारी बीज परीक्षण केंद्र लंडनमध्ये सुरू झाले. ते उभारण्याचे आणि चालवण्याचे काम स्टेपलडन यांच्याकडे आले. बियाण्याच्या नमुन्यांत तण किती, कचरा किती, उगवण किती याची मोजणी होऊ लागली. पहिले दोन प्रश्न म्हणजे शुद्धता आणि उगवणशक्ती. त्यांची उत्तरे देणारी व्यवस्था अशी तयार झाली.

पण तिसरा प्रश्न तसाच राहिला. पिशवीवर लिहिलेले नाव बरोबर आहे, बी स्वच्छ आहे, शंभरातले नव्वद दाणे उगवतात. ठीक. पण त्यातून उगवणारे झाड कसे असेल? ते किती वर्षे जगेल? त्याला पाला जास्त येईल की काड्या?

इथे रायग्रास या गवताचे उदाहरण घेऊ. थंड हवेच्या देशांत गाईंसाठी सर्वाधिक पेरले जाणारे हे गवत. बहुवर्षायू रायग्रासच्या नावाने बाजारात जे बी मिळे, ते पेरले की पहिल्या वर्षी कुरण भरून जाई. लवकर तुरे येत, उंच काड्या उभ्या राहत आणि दोन-तीन वर्षांत झाडे विरळ होऊन मधल्या जागी तण शिरे. त्याच गावातल्या एखाद्या जुन्या चराऊ कुरणात मात्र तेच रायग्रास वर्षानुवर्षे दाट, बुटके आणि पानांनी भरलेले दिसे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोन्हींचे नाव एकच. गाईच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी गवते होती.

हा फरक कशामुळे पडला? यात व्यापाऱ्याची लबाडी असायलाच हवी असे नाही. बी विकण्यासाठी गवत वाढवणारा शेतकरी ते पिकू देतो, कापतो आणि झोडपतो. ज्या झाडाला लवकर आणि भरपूर तुरे येतात, त्याचेच दाणे पोत्यात जास्त जातात. जे झाड पाने आणि फुटवे काढण्यात दंग असते, त्याचे दाणे थोडे. म्हणजे दर पिढीला न ठरवताही काडीवाल्या झाडांची निवड होत जाते. चराऊ कुरणात याच्या उलट घडते. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरचे पाते खाल्ले तरी ते पुन्हा वाढते. पण तुरा काढायची वेळ आली की तो कोंब काडीबरोबर वर चढतो आणि गाय किंवा मेंढी त्याला खुडून टाकते. काडी काढण्याची घाई करणारी झाडे अशी मागे पडतात. खाली दबून राहणारी, भरपूर फुटवे फोडणारी झाडे टिकतात. पोते एका प्रकारची झाडे निवडते, गाय दुसऱ्या प्रकारची. आणि शेतकरी गाईसाठी कुरण करताना पोत्याने निवडलेले बी पेरत होता.

हे ध्यानात आल्यावर स्टेपलडन यांनी शोधाची दिशा ठरवली. चांगले गवत परदेशात किंवा प्रयोगशाळेत शोधण्याआधी ते जनावरांनी वर्षानुवर्षे चरलेल्या जुन्या कुरणांत शोधायचे. १९१९ मध्ये लॉरेन्स फिलिप्स या धनिकाने दिलेल्या दहा हजार पौंडांच्या देणगीतून अ‍ॅबरिस्टविथ येथे वेल्श वनस्पती पैदास केंद्र सुरू झाले आणि स्टेपलडन त्याचे पहिले संचालक झाले. पुढची २३ वर्षे ते त्या पदावर होते.

त्यांची पद्धत चिकाटीची होती. जुन्या कुरणांतून, गवत कापण्याच्या शेतांतून, रस्त्याच्या कडेने झाडे आणि बी गोळा करायचे. प्रत्येक झाड सुटे, पुरेसे अंतर ठेवून लावायचे, म्हणजे त्याचा स्वतःचा स्वभाव दिसतो. मग पाहायचे की पाला किती, काडी किती, तुरा कधी येतो, थंडीत किती तगते, कापल्यावर किती लवकर फुटते. शेवटी मेंढ्या सोडायच्या. कॉक्सफुट नावाच्या गवतावर त्यांनी केलेला अभ्यास १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही महत्त्वाचा मानला जातो. एकाच जातीच्या गवतात चराऊ जमिनीवर पसरट, पानाळ प्रकार तयार होतात आणि कापणीच्या जमिनीवर उभट, काडीवाले प्रकार टिकतात, हे त्यात दाखवले होते. म्हणजे गवताचे रूप ठरवण्यात माती आणि हवामानाइतकाच जनावराच्या दातांचाही वाटा असतो.

हे काम एकट्याचे नव्हते. टी. जे. जेन्किन यांनी रायग्रासच्या पैदाशीत आयुष्य घातले आणि स्टेपलडन यांच्यानंतर तेच संचालक झाले. विल्यम डेव्हिस यांनी कुरणांच्या पाहणीचे शास्त्र पुढे नेले. या मंडळींच्या हातून जे वाण बाहेर पडले, त्यांना एस हे अक्षर आणि एक क्रमांक अशी साधी नावे होती. एस-२३ हे उशिरा तुरा काढणारे, पानाळ आणि टिकाऊ रायग्रास. एस-२४ त्याचे लवकर वाढणारे भावंड. कॉक्सफुट, टिमोथी आणि पांढऱ्या क्लोव्हरचेही वाण आले. त्यांतला एस-१०० हा क्लोव्हर तर कित्येक देशांत पेरला गेला.

क्लोव्हर आपल्याला अगदीच परका नाही. आपल्याकडे चाऱ्यासाठी पेरतात ती बरसीम त्याच कुळातली. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. चांगल्या कुरणात पांढरा क्लोव्हर वर्षाला हेक्टरी १०० किलोहून अधिक नत्र बांधू शकतो. गवताला फुकट खत मिळते आणि जनावराला प्रथिने. म्हणून कुरणाचे बी निवडायचे म्हणजे एक उत्तम गवत निवडायचे असे नाही, तर एकमेकांना सांभाळून घेणारी जोडी निवडायची.

नव्या वाणांची एक अडचण होती. पानाळ गवताला बी कमी येते, त्यामुळे ते महाग पडते. शिवाय रायग्रासचे परागकण वाऱ्यावर उडतात. शेजारच्या शेतातल्या काडीवाल्या गवताशी त्याचा संकर झाला, किंवा पिढ्यान्‌पिढ्या बियांसाठीच वाढवत राहिले, तर मूळ गुण हळूहळू निसटतो. म्हणून बीजोत्पादन वेगळ्या जागी, देखरेखीखाली आणि मोजक्या पिढ्यांपुरतेच करावे लागते. मुळात उत्तम असलेले बी नुसते शोधून चालत नाही, ते तसेच राखावेही लागते.

१९२६ मध्ये प्रकृती बिघडल्याने स्टेपलडन ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दीर्घ प्रवासाला गेले. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस तिथेही कुरणेच पाहत फिरला आणि परतल्यावर त्यावर पुस्तक लिहिले. न्यूझीलंडचे लोणी आणि मांस ब्रिटनच्या बाजारात येत होते आणि तो देश गवताच्या बळावर उभा होता. तिथेही रायग्रासच्या नावाखाली अल्पायुषी आणि दीर्घायुषी अशी दोन्ही झाडे विकली जात होती. पुढे डेव्हिस यांनी तिथे जाऊन निरनिराळ्या भागांतले रायग्रास ताडून पाहिले, आणि जुन्या कुरणांतून आलेल्या बियाण्याला प्रमाणपत्र देण्याची पद्धत त्या देशात रुजली.

जनावराच्या आरोग्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. कोवळ्या पानात प्रथिने आणि साखर जास्त, चिवट तंतू कमी. तुरा आला की काडीत लिग्निन नावाचा कठीण पदार्थ साठतो आणि रवंथ करणाऱ्या जनावरालाही तो पचत नाही. पोट भरते, पण अंगी लागत नाही आणि दूध उतरत नाही. उशिरा तुरा काढणारे गवत म्हणजे पचणाऱ्या चाऱ्याचे जास्त दिवस. हिरव्या पानांत कॅरोटीनही भरपूर असते. गाईच्या दुधाला आणि लोण्याला येणारी पिवळसर झाक त्याचीच. आपले शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते.

पण चांगल्या गोष्टींचाही अतिरेक बाधतो. उपाशी जनावर क्लोव्हरने गच्च भरलेल्या कुरणात सोडले तर पोटात फेस धरून पोटफुगी होते, वेळेवर उपचार न झाल्यास जनावर दगावते. वसंतात झपाट्याने वाढलेल्या लुसलुशीत गवतातून दुभत्या गाईला मॅग्नेशियम कमी पडून झटके येऊ शकतात. म्हणून मिश्रणात कोण किती, हा प्रश्न उत्पादनाइतकाच जनावराच्या जिवाचाही असतो. आणि पेरलेले मिश्रण तसेच राहील याची खात्री नसते. १९३० च्या दशकाच्या आरंभी मार्टिन जोन्स या संशोधकाने दाखवले, की एकाच प्रकारच्या कुरणात जनावरे कधी आणि किती चारली यावरून एकीकडे रायग्रास माजते, तर दुसरीकडे क्लोव्हर. बी निवडणे हे अर्धे काम, उरलेले अर्धे चराईचे.

१९३३ मध्ये सर ज्युलियन कान या क्रिकेटवेड्या उद्योगपतीच्या पैशातून स्टेपलडन यांनी वेल्सच्या डोंगरमाथ्यांवर मोठा प्रयोग सुरू केला. उतारांवर ट्रॅक्टर चढवून राठ गवत नांगरले, चुना आणि स्फुरद दिले आणि रायग्रास व क्लोव्हर पेरले. जिथे मेंढ्या जेमतेम जगत होत्या, तिथे हिरवी कुरणे उभी राहिली. खत न घालता नुसते उत्तम बी टाकले असते तर ते रुजले नसते, हेही त्यातून स्पष्ट झाले.

त्यांचा पुढचा आग्रह फेरपालटीच्या कुरणाचा होता. गवत कायमचे न ठेवता तीन-चार वर्षे पेरायचे, चरू द्यायचे, मग नांगरून त्याच जमिनीत धान्य घ्यायचे. मुळांनी मातीचा पोत सुधारलेला असतो, क्लोव्हरने नत्र साठवलेला असतो, शेण पडलेले असते. जमीन धान्य पिकवण्याची ताकद गवताखाली राखून ठेवते, असा त्यामागचा विचार होता. जुन्या कुरणाला नांगर लावणे म्हणजे पाप, असे मानणाऱ्या जमीनदारांना हे पटणे अवघड गेले.

१९३७ मध्ये चौथी आंतरराष्ट्रीय कुरण परिषद अ‍ॅबरिस्टविथला भरली आणि स्टेपलडन तिचे अध्यक्ष होते. १९३९ मध्ये त्यांना सर हा किताब आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. ब्रिटन तेव्हा निम्म्याहून अधिक अन्न आयात करत होता. सरकारने कुरणे नांगरण्याची मोहीम काढली आणि युद्धकाळात ६० लाख एकरांहून अधिक गवताळ जमीन नांगराखाली आली. कुठली कुरणे मोडायची, कुठली राखायची आणि नंतर पुन्हा काय पेरायचे, याचे ज्ञान अ‍ॅबरिस्टविथच्या मंडळींनी आधीच गोळा करून ठेवले होते. वीस वर्षांचे चिकट काम अशा वेळी कामी आले.

यानंतरची गोष्ट मात्र सरळ नाही. युद्धानंतर रासायनिक नत्रखत स्वस्त झाले. शेतकऱ्यांनी एकच रायग्रास पेरायचे आणि वरून खत टाकायचे असा सोपा मार्ग धरला. क्लोव्हर मागे पडला. १९३० च्या दशकापासून पुढच्या अर्धशतकात इंग्लंड आणि वेल्समधील सखल भागातली फुलांनी भरलेली जुनी कुरणे सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली. त्यांच्याबरोबर मधमाश्या, फुलपाखरे आणि पक्षीही घटले. ज्या जुन्या कुरणांतून स्टेपलडन यांनी आपले वाण शोधले, ती खाणच रिती झाली. याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारता येणार नाही, पण नांगर आणि नव्या बियाण्याचा पुरस्कार त्यांनीच हिरिरीने केला होता, हेही खरे.

उतारवयात त्यांना ऐकू येईनासे झाले होते. बाहेरच्या जगाशी संवाद अवघड झाला, तसे त्यांचे चिंतन वाढले. विज्ञान एकेका तुकड्यात फार खोल जाते आणि माणूस, जमीन व जनावर यांचे एकत्र चित्र हरवते, ही चिंता त्यांच्या शेवटच्या लेखनात वारंवार येते. १६ सप्टेंबर १९६० रोजी बाथ येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापलेले केंद्र आज अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे अजूनही रायग्रास आणि क्लोव्हरचे वाण तयार होतात. आता अनेक देशांत चिकोरी, केळपात्यासारख्या पानांचे प्लँटेन अशा खोल मुळांच्या वनस्पती मिसळून बहुविध कुरणे पेरली जात आहेत, कारण अवर्षणात त्या तग धरतात. १९११ चा तो करपलेला उन्हाळा जणू पुन्हा धडा देतो आहे.

स्टेपलडन यांचे वाण आपल्या दख्खनच्या उन्हात टिकणार नाहीत. आपली गवते वेगळी आहेत. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांची जी विभागणी मांडली, तिच्यात द्वीपकल्पाचा मोठा भाग पवन्या आणि मारवेल यांच्या गटात येतो. अतिचराईने ही चांगली गवते गेली की कुसळी माजते आणि तिची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत व तोंडात रुततात. आपल्या माळरानांवरही जनावराचे दात हेच गवत निवडत असतात, चांगले किंवा वाईट.

म्हणून गवताचे बी घेताना स्वच्छ आहे का, उगवेल का, हे विचाराच. पण त्यापुढे जाऊन हे बी कुठल्या जमिनीतून, कुठल्या वापरातून आले आणि त्यातून माझ्या जनावराच्या तोंडी पाला येईल की काडी, हेही विचारायला हवे. उत्तर पिशवीवर छापलेले नसेल. ते जिथे गवत वर्षानुवर्षे टिकले आहे अशा एखाद्या जुन्या कुरणात वाकून पाहिल्यावर मिळेल.